आमच्या नॅनोला डबा म्हणू नका



दिवाळीनंतर इथे काही लिहिलं नाही म्हणून धाकट्या नणंदेचा दोनदा फोन येऊन गेला, "वहिनी, बऱ्या आहात ना?" बरी आहे. पण रागावलेली होते. रागाच्या भरात निबंध लिहायचा नाही, असं मी तेहतीस वर्षं वर्गात सांगत आले, म्हणून थांबले. आता महिना होत आला. राग गेलेला नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

झालं असं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आमचा पुतण्या आला, बरोबर तीन मित्र. चौघेही जुन्या गाड्यांचे वेडे. कोणत्या साली कोणत्या गाडीची जाळी बदलली, दिवा कधी गोल होता आणि कधी चौकोनी झाला, सगळं तोंडपाठ. मी इतिहास शिकवायचे. इतक्या सनावळ्या पाठ असलेला एक जरी विद्यार्थी मला मिळाला असता, तरी मी धन्य झाले असते. तेव्हा त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदरच आहे, हे आधी सांगते.

ते आले होते 'ह्यांची' पद्मिनी बघायला. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. वीसेक वर्षं ती हललेली नाही. मुलांनी तिच्यावरची ताडपत्री अशी अलगद काढली, की जणू देवावरचं निर्माल्य काढताहेत. एक जण मातीत गुडघे टेकून चाकाकडे बघत बसला. एकाने स्टिअरिंगवर हात ठेवला आणि गप्पच झाला. मी चहा आणि चकल्या घेऊन गेले तेव्हा खरं तर मलाही भरून आलं होतं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या गाडीला कोणी इतक्या मायेने हात लावतंय हे बघून बरं वाटलं.

आणि मग सगळे पुढच्या अंगणात आले. तिथे तुळशीशेजारी माझी पिवळी नॅनो उभी होती.

पुतण्या म्हणाला, "काकू, हा डबा अजून ठेवलायस? डिसेंबरमध्ये पंधरा वर्षं होतील त्याला. भंगारात देऊन टाक, त्या पैशात पद्मिनीचं काम सुरू करू." मित्राने भर घातली, "नॅनो म्हणजे गाडी नाहीच हो काकू, दारं लावलेली रिक्षा." सगळे हसले. त्याच वेळी मोबाइलवर आमचे चिरंजीव दिसत होते, तेही हसले. मी कपबश्या गोळा करून आत निघून गेले.

तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. वर्गात अशी वेळ कधी आली नव्हती. आता देते.

मुद्दा पहिला : "तेव्हाच्या गाड्या दणकट होत्या"

हे वाक्य त्या दुपारी मी किमान पाच वेळा ऐकलं. "काय पत्रा आहे बघ! आता असा पत्रा मिळतो का?"

बाळांनो, पत्रा जाड होता हे खरं. पण गाडी कोणासाठी दणकट असायला हवी, पत्र्यासाठी की आतल्या माणसांसाठी? आजच्या गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळतो, त्याला तुम्ही 'कागदी' म्हणून हसता. तो चुरगळावा म्हणूनच तसा केलेला असतो. धडकेचा जोर त्या चुरगळण्यात जिरतो आणि माणसापर्यंत कमी पोचतो. जो पत्रा वाकत नाही, तो जोर तसाच्या तसा आत पोचवतो. आणि आत काय होतं? सलग बाकासारखी सीट, आमच्या गाडीत पट्टा नाही, एअरबॅग हा शब्द कोणी ऐकलेला नाही, आणि चालवणाऱ्याच्या छातीसमोर स्टिअरिंगचा लोखंडी दांडा. पद्मिनीच काय, तिच्या काळात आपल्याकडे धावणारी जवळजवळ प्रत्येक गाडी अशीच होती. दोष एका कंपनीचा नव्हे, काळाचा होता. पण मग त्या काळाची आरती कशाला?

"आम्ही तर लहानपणी पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसून फिरलो, काही झालं नाही." हो, ज्यांना काही झालं नाही तेच हे सांगायला उरले आहेत. इतिहासात आम्ही अशा पुराव्याला पुरावा म्हणत नाही.

आणि तो घाटातला प्रवास! आंबा घाट चढताना मध्येच थांबायचं, बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची. त्या वेळी घाटात दर वळणावर कोणी ना कोणी, कुठल्या ना कुठल्या गाडीचं बॉनेट उघडून उभा असायचा. पुतण्याला ही आठवण फार रम्य वाटते. त्याने ती ऐकलेली आहे. फडकं ओलं करायला कळशी घेऊन झऱ्यावर मी जायचे.

मुद्दा दुसरा : "त्या गाड्यांना व्यक्तिमत्त्व होतं"

असेल. पण ते व्यक्तिमत्त्व आपल्या वाट्याला कसं आलं, तेही बघा ना.

१९४४ साली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पारतंत्र्याच्या काळात गाड्यांचा कारखाना काढायचं स्वप्न बघणं ही छातीची गोष्ट होती, त्याला माझा नमस्कार. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशेचं जे रूप बनू लागलं, तेच १९७४ मध्ये 'पद्मिनी' झालं आणि थेट २००० सालाच्या आसपासपर्यंत थोड्याफार फरकाने तसंच राहिलं. इटलीत फियाटने ती अकराशे साठच्या दशकातच बंद केली होती. तिकडे अँबॅसडरचंही तेच. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिकडे केव्हाच इतिहासजमा झाली, आणि आपल्याकडे उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली.

एकच रूप इतकी वर्षं का टिकलं? फार सुंदर होतं म्हणून? तसं नव्हे. गाडी काढायला परवाना लागायचा, किती काढायच्या त्याला परवानगी लागायची, बाहेरून आणायला बंदी. दुकानात दोनच भाज्या असल्या, की गिऱ्हाईक कोणत्या भाजीवर प्रेम करणार? अँबॅसडर, फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. संपली यादी. तीसुद्धा नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून. ज्याच्याकडे गाडी होती त्याला ती जपावीच लागायची, कारण दुसरी मिळणार नव्हती. त्या जपण्याला आज तुम्ही प्रेम म्हणता. प्रेम होतंही, नाही म्हणत नाही. पण त्यात निम्मी सक्ती होती, हे विसरून कसं चालेल?

आणि त्या परवान्यांच्या राज्यात काय काय जन्मालाच आलं नाही, ते कोणी सांगतं का? आमच्या सांगलीपासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी. तिथल्या शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसाने १९४९ मध्ये स्वतःच्या हाताने एक छोटी गाडी बनवली. पुढे ती सुधारत सुधारत नेली, नाव ठेवलं 'मीरा'. सामान्य माणसाला परवडावी अशी लहान गाडी, हाच त्यांचा ध्यास. सत्तरच्या दशकापर्यंत ते धडपडले. कारखाना काही उभा राहू शकला नाही. पुतण्याच्या मित्राला मी विचारलं, मीरा माहीत आहे का? त्याला १९६५ आणि १९७५ च्या फियाटच्या पुढच्या दारांतला फरक माहीत होता, मीरा माहीत नव्हती.

मुद्दा तिसरा : "नॅनो ही गाडीच नाही"

का नाही? कारणं मिळाली ती अशी. इंजिन मागे. सिलिंडर दोनच. चाकं एवढीशी, एकेका चाकाला नट तीनच. काच पुसायला एकच दांडी. पेट्रोल भरायला बॉनेट उघडावं लागतं. (हे शेवटचं खरं आहे. पंपावरची नवी पोरं अजून गाडीभोवती प्रदक्षिणा घालून पेट्रोलचं झाकण शोधतात. मी गप्प बसून मजा बघते. :-))

आता गंमत ऐका. पुतण्याच्या पुण्याच्या घरी त्याच्या खोलीत भिंतभर एक चित्र लावलेलं आहे. रोमच्या गल्लीतली, फिकट निळी, चिमुकली फियाट पाचशे. "काकू, ही डिझाइनमधली कविता आहे," असं त्याने मला स्वतः समजावून सांगितलेलं आहे. परवा राग आल्यावर मी नातीला हाताशी धरून ती गाडी नीट वाचून काढली. दांते जिआकोसा या इंजिनिअरने केलेली, १९५७ सालची. लांबी जेमतेम तीन मीटर. इंजिन कुठे? मागे. सिलिंडर किती? दोन. इंजिन केवढं? ४७९ सीसी. युद्धानंतरच्या इटलीत जी कुटुंबं स्कूटरवर फिरत होती, त्यांना चार चाकं आणि डोक्यावर छप्पर मिळावं, हा तिचा हेतू.

आणि नॅनो? लांबी तीन मीटरच्या थोडी वर. इंजिन मागे. सिलिंडर दोन. ६२४ सीसी. हेतू? स्कूटरवरच्या कुटुंबाला चार चाकं आणि डोक्यावर छप्पर.

इटलीत केली की कविता, आणि पिंपरी-चिंचवडच्या इंजिनिअरांनी केली की डबा. हे कोणतं रसग्रहण?

बरं, जगात हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९४८ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने पॅरिसच्या प्रदर्शनात 'टू सीव्ही' दाखवली तेव्हा तिची अशीच टिंगल झाली होती. दोन शेतकरी, पन्नास किलो बटाटे आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी न फुटणारी अंडी, एवढ्यासाठी ती बनवलेली. ती १९९० पर्यंत बनत होती आणि आज शौकीन तिच्यामागे वेडे आहेत. इतकं लांब कशाला जा? १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे आली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये तिला 'काडेपेटी' म्हणत होते. ट्रकच्या नुसत्या वाऱ्याने उडेल, असंही भाकीत झालं होतं. १९९८ मध्ये सँट्रो आली तेव्हा "ही काय उंच टोपी घातलेली गाडी!" म्हणून लोक हसले. आज तुमच्याच गटातले लोक पहिल्यावहिल्या मारुती आठशे शोधून, मूळ रंग देऊन, मुलासारख्या सांभाळतात.

म्हणजे तुमचा नियम एवढाच दिसतो, की वस्तू चालू असताना हसायचं आणि बंद पडली की रडायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा केवढे अश्रू! तिच्यातल्या घामट रेक्झिनच्या सीटला आणि न उघडणाऱ्या काचेला आयुष्यभर नावं ठेवणारेसुद्धा रडले. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात रतन टाटा गेले, तेव्हा ज्यांनी ज्यांनी नॅनोवरचे विनोद मला पाठवले होते, त्यांनीच नॅनोशेजारी उभ्या असलेल्या टाटांचे फोटो, हात जोडून, पाठवले. मी कोणालाच उत्तर दिलं नाही.

नॅनोच्या चुका

एकतर्फी लिहिते असं कोणी म्हणू नये. नॅनोत दोष होते. सुरुवातीच्या काळात काही गाड्या पेटल्या, त्याने लोक घाबरले ते रास्तच. मागचं दार उघडायचं नाही, सामान मागच्या सीटवरून आत ढकलावं लागायचं. ते उघडणारं दार यायला २०१५ उजाडलं. २०१४ च्या धडक-चाचणीत ग्लोबल एनकॅपने नॅनोला शून्य तारे दिले. त्याच खेपेला आपल्याकडच्या आणखी चार लहान गाड्यांनाही शून्यच मिळाले, त्यांत जर्मन नाव असलेली पोलोही होती. पण शून्य ते शून्य. 'इतरांनाही नापास केलं' हे नापास विद्यार्थ्याचं उत्तर झालं, ते मी देणार नाही.

मला फक्त एवढंच विचारायचं आहे, की नॅनोची तुलना कोणाशी करायची? तुम्ही ती मोठ्या मोटारींशी करता. जिच्यासाठी ती केली होती, त्या स्कूटरला किती तारे आहेत?

इथे एक जुनी गोष्ट सांगते. घरच्यांना ती माहीत आहे, पण आम्ही तिच्याबद्दल कधी फारसं बोललो नाही.

१९८७ चा जुलै. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलो होतो. येताना पाऊस लागला. स्कूटरवर चौघं. पुढे उभी सात वर्षांची मुलगी, मग हे, मध्ये दाबून बसवलेला अकरा वर्षांचा मुलगा, आणि मागे मी, एका बाजूला पाय सोडून, पदर खोचून, हातात प्रसादाची पिशवी. तेव्हा सगळेच असे फिरायचे. रस्त्यावर गाड्यांनी आणलेला शेताचा चिखल होता. चाक घसरलं. आम्ही सगळे वेगवेगळ्या दिशांना पडलो. मागून ट्रक येत होता. ड्रायव्हर भला माणूस, त्याने जीव खाऊन ब्रेक मारला. ट्रकचं चाक माझ्या मुलीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

तिचा हात आणि गळपट्टीचं हाड मोडलं, ते जुळलं. ते हातभर अंतर मात्र माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेलं नाही.

त्यानंतर ह्यांनी स्कूटरवर चौघांना कधी बसवलं नाही. दोघांच्या पगारात दोन वर्षं काटकसर केली, पतपेढीचं कर्ज काढलं आणि १९८९ मध्ये सात वर्षं वापरलेली पद्मिनी घेतली. पुतण्या ज्या गाडीपुढे गुडघे टेकून बसला होता, ती गाडी शौकाने आलेली नाही. भीतीने आलेली आहे. ह्यांनी तिच्यावर जीव लावला तो तिच्या गोल दिव्यांसाठी नाही.

रतन टाटा सांगत, की पावसात एका स्कूटरवर अख्खं कुटुंब निघालेलं बघून त्यांना या गाडीची कल्पना सुचली. ते वाचलं तेव्हा मी ह्यांना वर्तमानपत्र दाखवून म्हणाले, "अहो, हे आपल्याबद्दल आहे." आमच्यासारखी लाखो कुटुंबं होती. आम्हाला पद्मिनीपर्यंत पोचायला दोन पगार आणि कर्ज लागलं. ज्यांच्या घरात एकच पगार होता, ते स्कूटरवरच राहिले. तुम्ही ज्याला डबा म्हणता तो त्यांच्यासाठी होता.

ती माझी पहिली गाडी

आणखी एक. हे पुतण्याच्या मित्रमंडळाला सुचणारच नाही, कारण त्या मंडळात एकही बाई नाही.

पद्मिनी मी कधी चालवली नाही. ह्यांनी दोनदा शिकवायचा प्रयत्न केला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, क्लच पायाला लांब, उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायला माझं मनगट पुरेना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी आणि मी एकमेकांशी बोलणंच सोडलं, तेव्हा तो नाद सोडला. वीस वर्षं मी त्या गाडीत बाजूला बसले आणि बॅटरी उतरली की साडी खोचून मागून ढकलली. जुन्या गाड्यांच्या सगळ्या आठवणी चालवणाऱ्यांच्या आहेत. ढकलणाऱ्यांना कोणी विचारलंय का?

२००९ मध्ये मी निवृत्त झाले. २०१० च्या डिसेंबरात फंडाच्या पैशातून नॅनो घेतली. माझ्या नावावर. एकोणसाठाव्या वर्षी मी गाडी शिकले. इंजिन मागे असल्यामुळे पुढचा भाग हलका, म्हणून पॉवर स्टिअरिंग नसतानाही ती माझ्या हाताला वळायची. गणपती पेठेच्या गर्दीतून आणि आमच्या बोळातून ती अशी वळते, की मोठ्या गाडीवाले बघत राहतात. सीट उंच, दार मोठं, त्यामुळे साडीतही बसता-उठता येतं. ज्याला तुम्ही बेढब म्हणता, त्या उंचीत माझे गुडघे वाचले.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दीड वाजता ह्यांच्या छातीत कळ आली. शेजारी गावाला, मुलं दोघं लांब. मी ह्यांना गाडीत बसवलं आणि विश्रामबागहून मिरजेला दवाखान्यात नेलं. पाऊस होता. एकच दांडी काच पुसत होती, पण पुसत होती. हे घामाने भिजलेले, डोळे मिटलेले, आणि तरी मध्येच म्हणाले, "दुसरा गिअर टाक." मी टाकला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. त्यानंतर हे पाच वर्षं होते. या पाच वर्षांत नातीची मुंज नाही, पण तिचं अरंगेत्रम बघितलं, अंगणात आंबा लावला, रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून कृष्णेकाठी फिरायला आले आणि रोज माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली.

हे सगळं त्या डब्याच्या खात्यावर जमा आहे. आता सांगा, भंगारात किती येतील?

हसण्याने काय होतं

कोणी म्हणेल, काकू, एवढं काय मनावर घेता, मुलांचा विनोद तो. पण विनोदाने गाड्या मरतात. नॅनो २०१८ मध्ये बंद झाली. सिंगूरहून साणंदला जावं लागलं, उशीर झाला, किंमत वाढली, ही कारणं खरीच. पण 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का बसला आणि लोक ती घ्यायला लाजू लागले. ती स्वस्त म्हणून विकली गेली हीच चूक झाली, असं स्वतः रतन टाटांनीही नंतर बोलून दाखवलं. माझ्या एका मैत्रिणीच्या जावयाने ठरवलेली नॅनो रद्द केली, कारण सोसायटीतले लोक काय म्हणतील! स्कूटर चालते, नॅनो चालत नाही, असा तो न्याय.

आणि हे आजही चालू आहे. बंगळुरूची रेवा ही छोटी विजेची गाडी २००१ साली आली. आज विजेच्या गाड्यांचं कौतुक करणारं जग तेव्हा तिच्यावर हसत होतं, लंडनमध्येसुद्धा. वाळूजच्या कारखान्यात बजाजने क्यूट बनवली. तिला गाडी म्हणायचं की रिक्षा, या वादात आणि कोर्टकचेऱ्यांत अनेक वर्षं गेली. २०२३ मध्ये एमजीची कॉमेट आली, दोन दारांची, तीन मीटरपेक्षा लहान, तर तिला पुन्हा 'डबा'च. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या एका तरुण कंपनीने ईव्हा नावाची तीन माणसांची गाडी दाखवली, छतावर सूर्यप्रकाशाची पाटी लावलेली. पुतण्याच्या मित्राचा शेरा, "चंबू." या गाड्या चांगल्याच आहेत असं मी म्हणत नाही, मी त्या चालवलेल्या नाहीत. त्यानेही चालवलेल्या नाहीत.

इकडे रस्त्यावर बघावं तर विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून जास्त त्या धिप्पाड एसयूव्ही. आमच्या गल्लीत एक आली की समोरच्याला मागे जावं लागतं. आत बहुधा एकटा माणूस, फोनवर बोलणारा. तिला मात्र कोणी हसत नाही.

तर निर्णय असा

पुतण्याला पद्मिनी मी देणार आहे. पैसे नकोत. त्याचा जीव आहे तिच्यावर, तो ती नीट करील, आणि ह्यांनाही ते आवडलं असतं. पण दोन अटी आहेत, त्या इथे सगळ्यांसमोर लिहिते म्हणजे नंतर वाद नको.

पहिली. पुढच्या दोन्ही सीटना पट्टे बसवायचे. "मग ती ओरिजिनल राहत नाही" हे ऐकून घेतलं जाणार नाही. विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करायची तर सरकारी नियमाने गाडी पन्नास वर्षांची लागते, म्हणजे २०३२ उजाडेल. तोवर ती माणसं बसायची गाडी आहे, आणि त्या माणसांत माझी नातवंडं असणार.

दुसरी. नॅनोची पंधरा वर्षं डिसेंबरात भरतात. पुनर्नोंदणीसाठी ती तपासणीला न्यायची आहे. पर्यावरण कर किती असेल तो मी भरीन. पुतण्याने एक दिवस रजा काढून सांगलीला यायचं आणि माझ्याबरोबर त्या डब्यात बसून आरटीओत यायचं. गाडी मी चालवणार. येताना आपण वाडीला जाऊन येऊ, त्याच रस्त्याने. ती जागा मी त्याला दाखवीन.

तारीख कळव रे. चकल्या उरल्या आहेत.

बाकीच्यांना पटलं नसेल तर खाली जरूर लिहा. वाद घालायला मला आवडतं, आणि आता वेळही भरपूर आहे.